कडूबाईंचा डावा खांदा

कडूबाई आमच्या रायफल क्लबात आल्या त्या जाकीट शिवायला. आमचे प्रशिक्षक सुयश सर, त्यांचं नेमबाजीचं जाकीट काखेत उसवलं होतं. हे जाकीट जाड कॅनव्हासचं असतं, कोपरांवर आणि खांद्यावर चामड्याचे तुकडे, आणि ते इतकं ताठ की घातल्यावर माणसाला धड खुर्चीतही बसता येत नाही. दोन-तीन शिंप्यांनी ते हातात घेऊन परत दिलं. मग कुणीतरी मुकुंदवाडीतलं कडूबाईंचं दुकान सांगितलं. शाळेचे गणवेश, ब्लाउज, ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरं, सगळं तिथं शिवलं जातं.

त्यांनी जाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि सरांना विचारलं, पडून मारता की उभं राहून. सरांनी विचारलं, तुम्हाला यातलं काय माहीत. तेव्हा त्या म्हणाल्या की शाळेत असताना एनसीसीत त्यांनी पॉइंट टू टू रायफल मारली होती, पालथं पडून, अन् तेवढं त्यांना अजून ध्यानात आहे.

त्यांचं माहेर कन्नड तालुक्यातलं. आधीची दोन मुलं जगली नाहीत म्हणून हिचं नाव कडू ठेवलं, म्हणजे नजर लागायची नाही. हायस्कूलला त्या कन्नडला मावशीकडं राहिल्या आणि तिथं एनसीसीत गेल्या. कॅम्प शहरात आला, छावणीत. बंदुकीचा आवाज मोठा होणार म्हणून पहिल्या गोळीला त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. पण चिंचोका भाजताना फुटतो तसा नुसता टप् आवाज झाला. खांद्याला धक्काही नाही. शिकवणाऱ्या उस्तादांनी नंतर नेमाचं कार्ड हातात दिलं, तर काठाला एक गोल भोक. बाकीच्या मुली हसत-खिदळत जेवायला गेल्या, ही कार्ड उन्हात धरून त्या भोकातून पलीकडचं बघत बसली.

पुढं दहावी झाली, लग्न झालं. नवरा गोकुळ, चितेगावच्या कंपन्यांचा माल टेम्पोनं वाहायचा. दोन लेकरं झाली, सत्यम आणि मोनिका. घराला हातभार म्हणून शिलाई मशीन आली, मशीनचं दुकान झालं. रायफलीचं नाव काढावं असा प्रसंगच कधी आला नाही.

सरांनी त्यांना रेंज बघायला बोलावलं. आमची रेंज शहराबाहेर, दौलताबादच्या रस्त्यापासून थोडी आत, डोंगराच्या कुशीत आहे. रविवारी सकाळी गोकुळभाऊंच्या मोटारसायकलवर मागं बसून कडूबाई आल्या, मांडीवर शिवून झालेलं जाकीट. जाकीट देऊन परत जायचं, अशीच गोकुळभाऊंची समजूत होती. पण हसीनाआपांनी त्यांना जाऊ दिलं नाही. हसीनाआपा म्हणजे उर्दू शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आमच्या क्लबातल्या सगळ्यात जुन्या नेमबाज. साडीवर कसं पडणार म्हणून त्यांनी आपली जादा ट्रॅकपँट आणि जाकीट कडूबाईंना दिलं, चटई अंथरली, आणि क्लबची रायफल पुढ्यात ठेवली.

कडूबाईंनी पाच गोळ्या मारल्या. मारून झाल्यावर उठल्या नाहीत, रायफलीच्या लाकडी दस्त्याला गाल लावून तशाच पडून राहिल्या. गोकुळभाऊंना वाटलं चक्कर आली. त्यांनी वाकून विचारलं. कडूबाई म्हणाल्या, "काय नाय. बरं वाटायलंय."

त्यानंतर त्या रविवार चुकवेनात. क्लबच्या सभासद झाल्या, सगळ्यांची जाकिटं शिवू लागल्या. माझी जागा त्यांच्या शेजारी, उजवीकडं. मी बँकेतला माणूस, डॉक्टरांनी ताण कमी करा म्हटलं म्हणून इथं आलेलो. एकदा चहा पिताना मी त्यांना विचारलं की यात एवढं काय आवडतं तुम्हाला. त्या म्हणाल्या, दुकानात दर घडीला कुणीतरी हाक मारतं, काज राहिलं, गुंडी राहिली, माप घ्या. घरी तेच. इथं पडल्यावर कुणी हाक मारत नाही. एक काळा गोल, एक श्वास, एक बोट. अन् रायफल लहान, ती दणका देत नाही की घाबरवत नाही, त्यामुळं चूक झाली तर ती आपलीच, दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. हे त्यांना फार आवडायचं, का कोण जाणे.

दोन वर्षांत त्या विभागीय स्पर्धेत ज्येष्ठ महिलांत दुसऱ्या आल्या. प्रमाणपत्र मशीनच्या मागं भिंतीला लावलं. गिऱ्हाइकं विचारायची, हे शिवणकामाचं का. प्रत्येकीला सगळं सांगत बसण्यापेक्षा त्या व्हय म्हणून मोकळ्या व्हायच्या.

गेल्या वर्षी उन्हाळा सरता सरता, एका रविवारी, कडूबाई मध्येच थांबल्या आणि रायफलीच्या पुढच्या टोकाची, नेम धरायची माशी फडक्यानं पुसू लागल्या. पुन्हा नेम धरला, पुन्हा पुसली. मग सरांना बोलावलं. सरांनी पाहिलं, माशी स्वच्छ होती. कडूबाई म्हणाल्या, "सर, मला काळा गोलच दिसंना."

उजव्या डोळ्याच्या मागच्या पडद्यातली एक शीर बंद झाली होती. रक्तदाब बरेच दिवस वाढलेला असणार, त्यांना पत्ता नव्हता. डोळ्यात इंजेक्शनं झाली, सूज उतरली, पण मधोमध जे धुकं बसलं ते बसलंच. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणाले, डावा डोळा चांगला आहे, रक्तदाब सांभाळा, तपासणीला येत राहा. सुईत दोरा ओवायला सुरुवातीला त्यांना फार वेळ लागायचा. सुई इथं आहे असं वाटायचं आणि ती दोन बोटं पुढं असायची. हळूहळू ते जमलं. पण क्लबात त्यांनी निरोप पाठवला की आपलं झालं, क्लबात ठेवलेलं आपलं जाकीट कुणा नव्या पोरीला देऊन टाका.

हसीनाआपांनी ते जाकीट कुणाला दिलं नाही. आपल्या घरी नेऊन कपाटात टांगून ठेवलं. एक-दोनदा त्या मुकुंदवाडीला जाऊनही आल्या. कडूबाई आता रविवारीही दुकान उघडायच्या. गोकुळभाऊ मला एकदा रस्त्यात भेटले तेव्हा सांगत होते की काम नसलं तरी बसते, घरात ये म्हटलं तर येत नाही, अन् विचारलं तर काही नाही म्हणते.

दिवाळीनंतर हसीनाआपा एक काम घेऊन दुकानात गेल्या. त्यांची भाची खुशनुमा इंजिनिअरिंगला होती आणि क्लबात यायला लागली होती. पोरगी डावखुरी. बाजारात मिळणारी जाकिटं उजव्यांची, तिला एकही धड बसेना. कडूबाई आधी नको म्हणाल्या. आपा उठल्या नाहीत. शेवटी कडूबाईंनी माप घेतलं.

काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. उजव्या जाकिटाला रायफल तोलायच्या पट्ट्याचं अडकण डाव्या दंडाला असतं, दस्त्याची चामडी पट्टी उजव्या खांद्याला. इथं सगळं उलट. कुठंतरी हात सवयीनं जुन्याच बाजूला जायचा आणि उसवावं लागायचं. जाकीट तयार झालं तेव्हा खुशनुमाची परीक्षा चालू होती, घालून बघायला तिला येता येईना. दोघींची अंगकाठी साधारण सारखीच, म्हणून दुपारी गिऱ्हाईक नाही असं बघून कडूबाईंनी ते स्वतःच घातलं. पण हे जाकीट उभ्यानं घालून कळत नाही, पडल्यावर कळतं कुठं ओढतंय. त्यांनी चादर अंथरली, उंबऱ्याकडं तोंड करून पालथ्या पडल्या आणि लाकडी मीटरपट्टी डाव्या खांद्याला लावून तिच्यावर गाल ठेवला.

रस्त्यापलीकडं औषधांचं दुकान आहे. त्याच्या पाटीवरचं हिरवं अधिकचं चिन्ह मीटरपट्टीच्या टोकावर बरोबर बसलं होतं. डाव्या डोळ्याला त्याच्या कडा कापल्यासारख्या स्वच्छ दिसत होत्या.

किती वेळ त्या तशा पडल्या होत्या त्यांनाही सांगता येत नाही. गोकुळभाऊ घरून चहा घेऊन आले तर बायको दुकानात जमिनीवर, जाकीट घालून, पट्टी खांद्याला. ते हसले नाहीत. चहा मशीनवर ठेवला आणि शेजारी उकिडवे बसले.

"दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय की."

"मंग रविवारी सोडू का तुला?"

कडूबाईंनी पट्टी खाली ठेवली. डावा हात आपला नव्हेच, म्हणाल्या, त्याला घास पण धड घेता येत नाय. गोकुळभाऊ म्हणाले, "शिकंल की तो. बसूनच आहे की इतकी वर्षं."

रविवारी त्या आल्या. सुयश सरांनी त्यांना खोटी आशा लावली नाही. इतक्या वर्षांची सवय खांद्यात, बोटात, मानेत मुरलेली असते, या वयात ती उलटी करायची म्हणजे पहिले गुण परत मिळतीलच असं नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. कडूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, गुणाचं राहू द्या. मला इथं पडून मारायचंय."

हसीनाआपांनी कपाटातलं जाकीट आणून दिलं. कडूबाईंनी तेच उसवलं आणि चामड्याचे तुकडे पलीकडच्या बाजूला लावले. जुन्या जागी टाक्यांची भोकं राहिली, ती अजून दिसतात. उजवा डोळा मिटून घेतला की डावाही ताणतो, म्हणून गळपट्टीत घालतात त्या पांढऱ्या कॅनव्हासचा चौकोनी तुकडा कापून त्यांनी टोपीला टाचला, उजव्या डोळ्यापुढं पडदा. आता दोन्ही डोळे उघडे राहायचे.

पण हात ऐकेना. डाव्या बोटानं चाप हळू दाबायच्या ऐवजी ते एकदम ओढायचं. गोळी मारून झाली की सवयीनं उजवा हात काडतूस बदलायच्या खिटीकडं, बोल्टकडं धावायचा आणि त्यानंच तोललेली रायफल खाली कलंडायची. दुसऱ्या आठवड्यात माझ्या कार्डावर एक भोक जास्तीचं निघालं. मी सरांना विचारलं तर शेजारून कडूबाईंचा आवाज आला, ते माझं आहे. त्या फार ओशाळल्या होत्या. मी म्हटलं, माझ्यापेक्षा मधोमध आहे, राहू द्या. तेव्हा कुठं हसल्या.

बोल्टचं खुशनुमानं शिकवलं. उजवा हात हलवायचाच नाही, डावा हात नळीवरून पलीकडं नेऊन बोल्ट ओढायचा, नवी गोळी भरायची, आणि परत येऊन गाल होता तिथंच ठेवायचा. ती कडूबाईंच्या शेजारी पडून सावकाश करून दाखवायची, कडूबाई तिच्यासारखं करायच्या. दोघी डावऱ्या, त्यामुळं आमच्या ओळीत त्यांचीच पडण्याची दिशा उलटी. चापाचा सराव मात्र कडूबाईंनी आपला आपण शोधला. कपडे वाळत घालायचा चिमटा डाव्या हातात धरायचा आणि तो न थरथरता, जाणवणार नाही इतका हळू दाबायचा. गिऱ्हाइकाशी बोलताना एका हातात टेप, एका हातात चिमटा. गोकुळभाऊ म्हणायचे, घरातले सगळे चिमटे ढिले झालेत, वाळत घातलेली कापडं वाऱ्यानं शेजाऱ्याच्या गच्चीवर जायलीत.

संक्रांतीच्या सुमारास त्यांच्या कार्डावरची भोकं जवळ यायला लागली. आधी सगळी काळ्या गोलाच्या आत, मग त्यातही एका बाजूला गोळा झालेली. सरांनी डोळ्याजवळच्या नेमछिद्राचा स्क्रू दोन खटके फिरवून दिला आणि तो घोळका मध्यावर आला.

या हिवाळ्यात जिल्ह्याची स्पर्धा झाली. खुशनुमाला तिच्या गटात पदक मिळालं. कडूबाई ज्येष्ठांत शेवटून दुसऱ्या आल्या. पूर्वीच्या गुणांपेक्षा बरेच खाली. गोकुळभाऊ टेम्पो घेऊन परभणीला गेले होते, त्यांचा फोन आला. कडूबाईंनी क्रमांक सांगितलाच नाही. सांगितलं काय, तर एक गोळी अशी बसली की कार्ड बघायच्या टेलिस्कोपमधून भोकाची कडा मधल्या टिंबाला लागलेली दिसत होती, आणि ती डाव्या हाताची होती. हेच त्यांनी गोकुळभाऊंना दोनदा सांगितलं.

डोळ्याची तपासणी चालू आहे. डाव्याला सध्या काही नाही. पुढचं डॉक्टर सांगत नाहीत, आणि कडूबाई विचारत नाहीत. रक्तदाबाची गोळी मात्र आता चुकत नाही, मीठ कमी केलंय, आणि पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी नाव दिलंय. शनिवारी दुपारी दुकानाच्या आजूबाजूच्या दोघी-तिघी त्यांच्याबरोबर रेंजवर येतात. त्यातली एक सोनिया, भाजीचं दुकान चालवते. पहिल्या गोळीला तिनंही डोळे मिटले, असं कडूबाई सांगत होत्या.

पूर्वी मी त्यांच्या उजवीकडं असल्यामुळं नेम धरताना त्यांचं तोंड मला कधी दिसायचं नाही, मध्ये रायफलीचा दस्ता यायचा. आता दस्ता पलीकडच्या गालाला असतो. परवा मी माझी रायफल खाली ठेवून बघत राहिलो. श्वास अर्धा सुटला, ओठ थोडे उघडले, आणि बराच वेळ काहीच झालं नाही. मग टप्. टेलिस्कोपकडं त्यांनी लगेच पाहिलं नाही. डावा हात नळीवरून पलीकडं गेला, रिकामं काडतूस चटईवर पडलं, आणि त्या एकट्याच हसल्या.