जांभळ्या धाग्याचं भरीत

वडगावातली खानावळ मालुबाईची, पण ती चालायची तिच्या नवऱ्याच्या, परशरामच्या तोंडाच्या जोरावर. गिऱ्हाईक उंबऱ्यात आलं रे आलं, की तो पिठल्यापासून ताकापर्यंत सगळं एका दमात म्हणून दाखवायचा आणि शेवटी आवाज चढवायचा, "आन् माझ्या हातचं वांग्याचं भरीत!" भरीत तेवढं खरोखर त्याच्या हातचं. बाकीचं सगळं रांधायची मालुबाई आणि नाव व्हायचं त्याचं. तिला त्याचा रागही यायचा आणि कौतुकही वाटायचं.

लढाई पेटली तसा तो पलटणीत स्वयंपाकी म्हणून गेला. मिसर देशातून दोन पत्रं आली. मग आठ महिने काहीच नाही.

मालुबाईचा आवाज चुलीपलीकडे जात नसे. "काय काय हाय आक्का?" हे दिवसातून शंभरदा ऐकून ती मेटाकुटीला आली. शेवटी तिने शाळेच्या मास्तरांकडून लाकडी फळ्यावर पदार्थ लिहून घेतले. पण गावच्या हातमागांवर कामाला आलेल्या गड्यांत कुणाला मराठी वाचता यायचं, कुणाला कानडी, आणि बहुतेकांना काहीच नाही. वाचणारा जे मागेल तेच बाकीचे मागायचे. एके दिवशी सगळ्यांनीच मटकी मागितली आणि पातेलंभर पिठलं तसंच राहिलं. मास्तरांचं अक्षर मात्र सुरेख होतं!

युक्ती सुचली ती शेजारच्या मागांखाली पडलेल्या सुतावरून. तिने फळा पुसला, त्यावर खिळे ठोकले आणि प्रत्येक खिळ्याला एकेका रंगाच्या धाग्यांची जुडी अडकवली. पिवळा पिठल्याचा, विटकरी मटकीचा, हिरवा पालेभाजीचा, पांढरा ताकाचा. गिऱ्हाइकाने हवे ते धागे काढून ताटाच्या कडेला ठेवायचे, तिने बघून वाढायचं. पदार्थ संपला की खिळा रिकामा. विणकरांना रंग काय शिकवायचे? चार दिवसांत सगळं सुरळीत झालं.

शेवटच्या खिळ्यावर मात्र एकच जांभळा धागा होता, तोही बोटभर. परशरामने जाताना तिला आणलेल्या लुगड्याच्या पदराच्या दशीतला. तो भरताचा. कुणी हात घातला की ती म्हणायची, "त्ये न्हाय. आमचं मालक आल्यावर."

तिला भरीत येत नव्हतं असं नाही. पण आपल्या हातचं लोकांनी बोटं चाटून खाल्लं, तर परशरामची वाट बघायला तिच्याशिवाय कोण उरणार? त्याच्या आवाजाची जागा तिनेच सुतानं भरून काढली होती. कधीकधी तिला त्या फळ्याचाच राग यायचा.

रोज दुपारी जेवायला येणाऱ्या भावकू आण्णाचा जन्म तुटके धागे सांधण्यात गेलेला. तो आखूड धागा बघून म्हाताऱ्याचे हात शिवशिवायचे. एकदा मालुबाई भाकऱ्या थापत असताना त्याने कनवटीचं जांभळं सूत काढलं आणि त्याला सांधून टाकलं. गाठ इतकी बारीक, की बोटालाच कळावी.

"आण्णा, ह्ये काय केलासा?"

"तुटल्यालं दिसलं, सांधलं."

"तुटलं न्हवतं त्ये!" तिचे डोळे भरून आले. विणकराची गाठ सुटत नाही, कापावी लागते. आणि कात्री लावायला तिचा हात धजेना.

दुसऱ्या दिवशी बोरगावचा शामू गाडीवान पहिल्यांदाच जेवायला आला. इतर धाग्यांइतकाच लांब बघून त्याने जांभळा उचलला आणि ताटाशी ठेवला. परडीत वांगी होती. ताटावर बसलेल्या माणसाला नाही म्हणणं मालुबाईला जमलं नाही. तिने वांगी भाजली.

शामूने भरीत निपटून खाल्लं आणि पुन्हा मागितलं. तिने थोडं भावकू आण्णाच्या ताटात वाढलं. "सांगा आण्णा. खरं सांगा."

म्हाताऱ्याने सावकाश घास गिळला. "लई चांगलं झालंय. पर परशरामचं न्हाय."

"न्हाय न्हवं?"

"न्हाय गं."

तिने तीनदा विचारून घेतलं. तिला रडूही येत होतं आणि हसूही. मग तिने जांभळा धागा उचलून पुन्हा खिळ्याला अडकवला.

आठवड्याने शामू परत आला आणि उंबऱ्यातूनच ओरडला, "आक्का, भरीत हाय?"

"हाय," मालुबाई चुलीपासून ओरडली, आणि या वेळी तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "पर माझ्या हातचं! त्येंच्या हातचं त्ये आल्यावर."