बटणं ज्याची त्यानं लावावीत

मावशीबरोबर परदेशात फिरायला जाणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं. लोक राजवाडे बघतात. ही बाई तिथले लोक एकमेकांसाठी काय करतात ते बघायला जाते. पाच दिवसांत आम्ही एक फुकट दवाखाना, अंधांसाठी पुस्तकं वाचून दाखवणारी मंडळी आणि जुन्या सायकली दुरुस्त करून वाटणारे आजोबा बघितले. समुद्र तेवढा मी बसच्या काचेतून बघितला.

शुक्रवारी एका शिवणखोलीत गेलो. तिथे दहा-बारा स्वयंसेवक हात गमावलेल्यांसाठी कपडे शिवत होते. बटणांच्या जागी सगळीकडे चिकटपट्टी, ती वेल्क्रोची. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर घालवलेली मावशी एकेक शर्ट उलटून म्हणत होती, "काय सफाई आहे गं यांची!"

एक बाई मात्र तो शर्ट घ्यायला तयार नव्हती. पोस्टात खिडकीवर काम करायची. अपघातात उजवा हात गेलेला. आमच्यासोबतच्या दुभाषी मुलीनं सांगितलं, "तिला बटणंच हवीत. पट्टी ओढली की कर्र वाजते, सगळे वळून बघतात. आणि रोज लेकीकडून बटणं लावून घ्यायचीही लाज वाटते. सोमवारी परत कामावर जाताना स्वतःच्या हातानं शर्ट घालता आला नाही, तर नोकरी सोडणार म्हणते."

खोलीच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "एका हातानं बटणं जमत नाहीत हो."

"तुम्ही कुणी लावून बघितलीत?" मावशीनं विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण पाहुणे, चहा पिऊन गुमान निघावं ना! पण मावशीनं ओढणी माझ्या हातात दिली. "माझा उजवा हात पाठीशी बांध. घट्ट."

मग दुपारभर तेच. हात सोडायचा, बटण शिवायचं. हात बांधायचा, लावून बघायचं. माझी होडीतली फेरी बोंबलली. चौथ्या खेपेला प्रमुख बाईंनीही आपला हात बांधून घेतला. शेवटी काजं थोडी लांब केली, बटणं कापडापासून जरा उंच शिवली. नुसत्या अंगठ्यानं ढकललं की बटण आत! तेव्हा मावशीचा मला फार अभिमान वाटला. तिला सांगितलं नाही, डोक्यावर बसली असती.

सोमवारी विमानतळावर जाण्याआधी मावशीनं मला पोस्टात ओढून नेलं. निमित्त टपाल तिकिटाचं. खिडकीत ती बाई होती, अंगात तोच शर्ट. पण एक बटण चुकलेलं. कॉलरची एक बाजू वर, एक खाली.

माझ्या नवऱ्याची वाकडी कॉलर पहिल्याच भेटीत सरळ करणारी ही मावशी! मी हळूच म्हटलं, "अगं, बटण चुकलंय तिचं."

तिनं मला चिमटा काढला. "गप्प बस. तिची तिनं लावलीत."

तिकीट मीच घेतलं. मावशीनं आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.