नारूची काडी

साक्ष देण्याच्या सभा मला कधीच आवडल्या नाहीत. कोणी उठावे, डोळे मिटावे, आपली हरवलेली म्हैस देवदूताने कशी शोधून दिली हे अर्धा तास सांगावे, आणि बाकीच्यांनी माना डोलवाव्यात. ते ऐकताना माझे लक्ष देवदूताकडे नव्हे, म्हशीकडे लागे. ती बहुधा आपल्या पायांनी घरी आली असावी, असे मला वाटे. देवावर माझा विश्वास होता. देवाच्या वतीने बोलणाऱ्यांवर जरा कमी. असा माणूस आज स्वतःची साक्ष लिहायला बसला आहे. वाचणाऱ्याने म्हशीकडे लक्ष ठेवूनच वाचावे, माझी हरकत नाही.

मी नगरकडचा. धारूरच्या घाटाखाली, मोगलाईतल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेवर मास्तर म्हणून आलो, तेव्हा माझ्यासोबत दोन पेट्या पुस्तके आणि एक जोड बूट होते. दोन्हींचा गावाला उपयोग नव्हता, पण मला अभिमान होता. आमची ख्रिस्ती वस्ती गावकुसाबाहेर. गावच्या बारवेवर आम्हाला मज्जाव, म्हणून ओढ्याकाठच्या एका जुन्या कुंडात पायऱ्या उतरून आम्ही पाणी भरत असू. त्या पाण्याने दर उन्हाळ्यात कोणाच्या ना कोणाच्या पायात नारू निघे. बारवेच्या पाण्यानेही निघे. एवढ्या एका बाबतीत गावात भेदभाव नव्हता.

ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पायावर फोड येतो, आगीसारखा जळतो, फुटतो, आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखे किड्याचे टोक बाहेर येते. हा दोरा हातभर लांब असतो. तो ओढून काढता येत नाही. ओढला की तुटतो, आत राहिलेला सडतो, पाय जातो, कधी माणूसही जातो. इलाज एकच. टोक एका बारीक काडीवर घ्यायचे, वरून पाण्याची धार धरायची, आणि तो आपण होऊन जेवढा सुटेल तेवढाच काडीवर गुंडाळून काडी पायाला बांधून ठेवायची. उद्या पुन्हा तसेच. कधी दोन बोटे, कधी एक, कधी काहीच नाही. असे वीस दिवस, महिनाभर.

हे काम धोंडामाय करी. बाप्तिस्म्याच्या वेळी तिचे नाव रिबका ठेवले होते, पण त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळून पाही, की कोण आले. साठीची, काटक, एका डोळ्याने अधू. लिहिता-वाचता येत नव्हते, गाण्यात सूर नव्हता, आणि माझ्या उपदेशात ती नियमाने झोपत असे. पण पंचक्रोशीत कोणाच्याही पायात नारू निघाला की बोलावणे तिला. एरवी आमची सावली टाळणारे लोक तिच्यापुढे पाय पसरून बसत. नारू पुरता निघेपर्यंत गावाची शिवाशिव तहकूब असे, आणि निघाला की ते लोक तिच्या देखत अंघोळ करत. मला संताप येई. ती म्हणे, "करू द्या की. त्येंच्या नारूला मी, अन् मला पाणी. ज्याला त्याला आपापला इलाज हाय."

काडी फिरवताना तिचे ओठ हलत. मंत्र म्हणते की काय, अशी मला शंका होती, म्हणून मी एकदा जवळ जाऊन ऐकले. ती म्हणत होती, "येशूबाबा, येऊ दे. पर मला वढू देऊ नगं." प्रार्थनेची ही रचना मला फारशी पसंत पडली नाही.

त्या वर्षी आमचे उपासनामंदिर बांधून झाले. मातीच्या भिंती, वर पत्रे, पण आमचे. पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, मिशनचे मोठे साहेब येऊन ते उघडणार होते. कमान, पताका, मानपत्र, सगळे ठरले. कमानीला मी मनातून हसत होतो, आणि मानपत्र मात्र स्वतः बोरूने, वळणदार अक्षरात लिहीत होतो. त्यातली भाषा इतकी जड झाली होती की वाचताना मलाच धाप लागे. साहेबांनी पत्रातून आणखी एक गोष्ट मागवली होती. मंडळीत कोणाकोणाला देवाने काय काय कृपादान दिले आहे, आणि तो ते सेवेत कसे लावतो, त्याची यादी. मी यादी केली. शास्त्रवाचन, पेटी, गायन, गवंडीकाम, सुतारकाम. पहिले नाव माझे होते.

धोंडामायची सून गोदा माझ्याकडे अक्षरे शिकत होती. तिने यादीवर बोट फिरवत विचारले, "मास्तर, आमच्या आत्याचं नाव कुठं हाय?"

"अगं, ही कृपादानांची यादी आहे. त्यात नारूचं काय लिहायचं? साहेब जेवायच्या वेळी वाचायला घेतील तर?"

दारात बसलेली धोंडामाय हसली. "नगं लिवू बाबा. सायबाला भाकर ग्वाड लागायची न्हाई."

मालकाने दिलेली ठेव मातीत पुरून ठेवणाऱ्या चाकराच्या दाखल्यावर मी महिन्यापूर्वीच उपदेश केला होता. चांगला झाला होता, असे सगळे म्हणाले होते.

सणाला महिना उरला असताना माझ्या घोट्याच्या वर फोड आला. धोंडामायने पाहिले आणि तिचे तोंड खुलले. "आला का पावना! वरीसभर आमचं पाणी पेला, आता कुटं गावचे झालात, मास्तर." तिने तुराटीची काडी तासली, पाणी सोडले आणि बोटाच्या दोन पेरांएवढा नारू बाहेर घेतला. मी दात आवळून बसलो होतो. ती दर वेळी एकच सांगे, "पाय ढिला सोडा. तुमी धरून बसलात की त्यो बी धरून बसतो." माझ्याने सोडवत नसे. पाय माझा, किडा माझा, आणि हुकूम मात्र एका निरक्षर बाईचा, हे मनाला कोठेतरी टोचत असावे.

पाच दिवसांनी तिला युसूफ वडगावहून बोलावणे आले. जाताना गोदाला सगळे समजावले आणि मला दरडावले, "मी चार रोजांत येते. तवर हात लावला तर बगा."

चार दिवस गेले, सहा गेले, ती आली नाही. सातव्या दिवशी मी सहज बूट घालून पाहायला घेतला. काडी बांधलेल्या पायात तो जाईना. कमानीला हसणारा मी, कमानीखालून अनवाणी जाण्याच्या कल्पनेने अस्वस्थ झालो. गोदा पाण्याला गेली होती. आता थोडाच राहिला असेल, असे मी स्वतःला सांगितले, काडी सोडली, आणि ओढले.

तुटल्याचा आवाज होत नाही. मला तो तरीही ऐकू आला.

संध्याकाळपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला. पुढचे आठ दिवस तापात गेले. गोदाने लिंबाच्या पाल्याचे पोटीस बांधले, वस्तीतल्या बायांनी आळीपाळीने पेज पाजली, सुताराने माझ्या बाजेला पाय उंच ठेवायला फळी ठोकली. मी मात्र प्रार्थना करत होतो. मोठ्या, व्यवस्थित, शुद्ध प्रार्थना. त्यांत देवाला काय काय करायचे आहे ते मी क्रमवार सांगत असे. तालुक्याहून कंपाउंडर आला, त्याने पाय दाबून पाहिला आणि बाहेर जाऊन आमच्या मंडळीच्या पाळकांशी बोलला. रेल्वेच्या गावी मोठा दवाखाना होता, दोन दिवसांची वाट. तिथे पाय कापतील, न कापला तर माणूस राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपायचे ठरले.

त्या दुपारी मी बाजेवर पडून होतो. खिडकीतून नव्या मंदिराचे पत्रे चमकताना दिसत होते. प्रार्थना करावी म्हणून सुरुवात केली, आणि शब्दच संपले. एका पायाच्या मास्तरला मिशन ठेवील की नाही, तेही मनात आले आणि निघून गेले. कधी नव्हे ते धोंडामायचे वाक्य तोंडात आले. येऊ दे, पण मला ओढू देऊ नकोस. आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आले की पंधरा-वीस दिवस मी पाय आवळून धरलेला आहे. मांडी, पोटरी, बोटे, सगळे. मी तो सोडून दिला. पाय जायचा असेल तर जावो, राहायचा तर राहो. किती दिवसांनी झोप लागली.

सकाळी गाडी दाराशी उभी होती, बैल जुंपले होते आणि चौघांनी माझी बाज उचलली होती, तेवढ्यात धोंडामाय वाटेवरून येताना दिसली. डोक्यावर गाठोडे, पाय धुळीने भरलेले. वडगावच्या पाटलांची गाडी तिला दोन दिवसांनी पोचवणार होती. तिला कोणी निरोप धाडला नव्हता. ते मी नंतर विचारून घेतले. आदल्या दिवशी तिथे तिचा जीव लागेना, म्हणून ती पायीच निघाली, केजला मुक्काम केला, आणि आली.

"चार रोजांचं काय झालं, आत्या?" गोदा रडतच ओरडली.

"एका पायाला गेलते, तितं नऊ पाय निगाले! अन् हे कुटं चालले वरातीवानी?" मग तिने माझा पाय पाहिला. "वढलं? कावून वढलं, मास्तर?"

मी म्हणालो, "बूट घालायचे होते."

तिने गाठोडे वाटेतच टाकले. बाज खाली ठेवायला लावली, पोटीस सोडले, तांब्या घेतला आणि धार धरली. जखम रात्रीतून फुटली होती. पू वाहून गेला आणि मधोमध एक पांढरे टोक दिसले, तांदळाएवढे.

"आला," ती हळूच म्हणाली. "काडी द्या कुनीतरी. माज्या वडगावला सरल्या."

गोदा आत धावली आणि हाताला लागले ते घेऊन आली. तो माझा बोरू होता, मानपत्राचा. धोंडामायने तो दाताने उभा चिरला, गुळगुळीत केला आणि माझा नारू त्यावर घेतला. गाडीचे बैल सोडले. जखम पिकली की फुटते आणि आतले टोक वर येते, असे कोणीही वैद्य सांगेल, आणि मी त्याच्याशी वाद घालणार नाही. मला एवढेच ठाऊक आहे की ती तासाभराने आली असती, तर मी पाय कापून घ्यायच्या वाटेला लागलो असतो.

सणापर्यंत नारू अर्धाच निघाला होता. मला बाजेवरच मंदिरात नेले, अनवाणी, घोट्यावर बोरू बांधलेला. कमान पाहिली, झोपून पाहिली तर बरी दिसते. मानपत्र पाळकांनी वाचले, दोनदा चष्मा पुसून. साहेब बराच वेळ बोलले. मग त्यांनी यादी काढली, एकेक नाव घेऊन त्या माणसाला उभे केले, आणि विचारले, "आणखी कोणी राहिले आहे काय?"

उत्तर बाहेरून आले. "अरे अम्मा! धीरे सो! जान लेती क्या?"

सगळी मंडळी हसली. साहेब चमकले. मी बाजेवरून म्हणालो, "साहेब, यादीतलं एक नाव बाहेर बसलंय. मी ते लिहिलं नव्हतं. तिला किळसवाणं काम येतं, म्हणून."

साहेब बाहेर गेले, पाठोपाठ सगळे, आणि माझी बाजही. लिंबाखाली सात-आठ जण पाय पसरून बसले होते. पाटलाचा भाऊ होता, एक लमाण बाई होती, आणि ज्याच्या नुसत्या खाकरण्याने आमची वस्ती दारे लावून घेई तो ठाण्याचा जमादार एक बूट काढून डोळे गच्च मिटून बसला होता; मघाशी ओरडला तो हाच. धोंडामाय त्याच्या पायाशी वाकली होती. नारू अर्ध्यात सोडून देवळात येता येत नाही, म्हणून ती उद्घाटनाला आली नव्हती.

साहेबांनी काळा कोट सावरत विचारले, "बाई, मी काय करावे?"

तिने वर न पाहता तांब्या पुढे केला. "ह्ये धरा. बारीक धार सोडा."

साहेब गुडघ्यांवर बसले आणि जमादाराच्या पायावर पाणी सोडू लागले.

"हळू वो! अंगुळ घालायची न्हाई त्याला. हां, अशी. तशीच ऱ्हाऊ द्या."

आणि ती तशीच राहिली, बराच वेळ. साहेबांचे भाषण मला आठवत नाही, पण ती धार आठवते. त्यांचा हात एकदाही हलला नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. मी मिरवणुकांचा कधी चाहता नव्हतो, आणि आमच्या मंडळीचा अभिमान मी तोंडदेखला बाळगत आलो होतो. त्या दिवशी मात्र मी बाजेवर कोपर टेकून उठलो आणि जे कोणी जवळ होते त्यांना विनाकारण सांगू लागलो, ती आमची आहे. आमच्या वस्तीतली आहे. माझा नारू तीच काढते. ज्याला दिसत होते त्यालाही सांगितले.

माझा नारू पुढे अकरा दिवसांनी पुरता निघाला. धोंडामायने शेवटचा वेढा घेतला, बोरू स्वच्छ धुतला आणि माझ्या हातात ठेवला. "घ्या तुमची काडी. आता लिवता यील का हिनं?"

चिरलेल्या बोरूने लिहिता येत नाही. तो माझ्या टेबलावर अजून आहे. मी अजूनही लंगडतो, थोडासा, बूट घातल्यावर जास्त. सकाळी डोळे मिटले की आजही हात पुढे करून काहीतरी ओढावेसे वाटते, आणि मग तिची प्रार्थना म्हणतो. ती लहान आहे, आणि तिच्यात देवाला काही शिकवावे लागत नाही. रोज जेवढे सुटेल तेवढे घेतो. काही दिवस काहीच सुटत नाही. तेव्हा पाय ढिला सोडून बसतो.

ती यादी साहेबांसोबत गेली आणि दुरुस्त व्हायची राहिली. म्हणून तेवढे नाव इथे लिहितो. पहिल्या ओळीत लिहायचे होते, ते शेवटी आले, त्याबद्दल मला क्षमा असावी.

धोंडाबाई, बाप्तिस्म्याचे नाव रिबका. नारू काढते.