निळ्या खडूचा लेक्का

रामनगरात माझं पूल खेळायचं एक टेबल आहे. वर्षातून एकदा मी स्पर्धा घेतो, माणशी पाचशे रुपये. तिला बाजारकुणंगहून एक जण न चुकता येतो. जंगलात लाकूडतोडीला जाणारा माणूस, चेंडूही कुऱ्हाड घातल्यासारखा मारतो आणि दरवर्षी पहिल्याच फेरीत हरतो. पण घरी जात नाही. काठीच्या टोकाला लावायचा निळा खडू घेऊन माझ्या भिंतीवर जमा आणि बक्षिसं लिहितो आणि मोठ्यानं विचारतो, "बाकी कुठं गेली? लेक्का दाखवा, मालक!" लेक्का म्हणजे कानडीत हिशोब.

मी ओल्या फडक्यानं ते पुसून टाकायचो. गेल्या वर्षी मात्र भडकलो. "पहिल्या फेरीत हरणाऱ्याला बक्षिसाची कशाला रे पंचाईत?"

"बक्षीस हरणाऱ्यांच्याच पैशाचं हाय. जिंकलेला कशाला इचारील?"

यंदा मीच आधी भिंतीवर हिशोब लिहिला. पंधरा जणांचे साडेसात हजार. बक्षिसं सहा हजार. टेबलाचं कापड आणि वीज दीड हजार. त्यानं बोट फिरवत सगळं वाचलं.

"खेळणारे सोळा हायत."

"सोळावा मी. टेबल माझं, म्हणून मी फुकट खेळतो."

"मग जिंकलासा तर बक्षीस बी सोडणार व्हय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पाचशे काढून ठेवले, खेळलो आणि पहिल्याच फेरीत हरलो. काठी ठेवायला वळलो तर तो भिंतीपाशी उभा राहून पंधराचे सोळा करत होता. मला बघून त्यानं खडू माझ्यापुढं धरला.

"आता तुमी इचारा."