शिट्टीबाईंची उडी

नोकरी गेली तर शिट्टीबाई काय करतील, हा विचार सकाळपासून आईच्या डोक्यातून हलायला तयार नव्हता. भाजी चिरताना तोच, ऑफिसचा कॉल कानाला लावलेला असताना तोच. बाईंचं वय पंचेचाळिशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, राहणं भावाच्या घरात, आणि हातात कसब एकच, मुलींना पळायला लावायचं. साथीच्या दिवसांत, जिकडेतिकडे मैदानांना कुलपं लागलेली असताना, असल्या बाईला दारात तरी कोण उभं करणार?

शिट्टीबाई म्हणजे लेकीच्या शाळेतल्या खेळाच्या बाई. शाळा फक्त मुलींची. बाईंचं खरं नाव पगारपत्रकापुरतं, बाकी सगळ्या शाळेला त्या शिट्टीबाई. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट आणि आवाज असा, की पलीकडच्या रस्त्यावरचा सायकलवाला आपोआप ब्रेक दाबेल. शाळा सुटताना फाटकाशी घुटमळणारी पोरं त्या नुसत्या शिट्टीवर पिटाळून लावत. मुली तेरा-चौदा वर्षांच्या झाल्या की हात छातीशी घट्ट धरून पळायला लागतात. आईच्या वेळीही लागायच्या, पण ते कुणी बोलून दाखवत नसे. शिट्टीबाई भर मैदानात ओरडायच्या, "हात सोडा गं! काय चोरून पळताय? पोलीस मागे लागलेत का?" मुली लाजायच्या, खिदळायच्या आणि हात सोडायच्या.

आईची लेक अंगानं भरलेली. वर्गात तिला 'रोडरोलर' म्हणत. रिलेच्या संघात बाईंनी तिला शेवटच्या जागी उभं केलं तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली. बाई म्हणाल्या, "रोडरोलरला एकदा वेग येऊ दे, मग थांबवून दाखवा." संघ तिसरा आला. पण त्या दिवसापासून लेक आरशासमोर उभी राहायला लागली, हे आईनं पाहिलं होतं.

मग साथ आली आणि शाळा पडद्यावर गेली, खेळाच्या तासासकट. बाईंनी भावाच्या घरातल्या कपाट आणि पलंग यांच्यामधल्या बोळात आपलं मैदान मांडलं. पंखा इतका खाली, की हात वर करायचे तर गुडघे वाकवायला हवेत. मागून वहिनीची बादली घेऊन ये-जा. खालच्या मजल्यावरचे लोक छताला झाडूचा दांडा आपटायचे. आणि समोर सगळ्या मुलींचे कॅमेरे बंद. त्या काळ्या चौकटींसमोर बाई एकट्याच घामाघूम होत म्हणायच्या, "एक, दोन, तीन, चार! शाबास, छान जमतंय!"

कसलं छान आणि कसलं काय. लेक पांघरुणात लोळत बिस्किटं खात असायची. आईनं एकदा हटकलं, तर म्हणाली, "सगळ्याच लोळतात गं. बाईंना माहितीये."

"माहितीये? मग त्या कुणासाठी उड्या मारतात?"

"मला काय ठाऊक?"

सत्र संपायच्या आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर एक क्लिप आली. बाई उडी मारतात, खालून दांडा वाजतो, बाई जमिनीकडे बघून "हो हो, झालंच" म्हणतात आणि चवड्यांवर, चोरपावलांनी उडी मारायला जातात. पाय बादलीत. शिट्टी तोंडात, तशाच त्या पलंगावर कोसळतात आणि पडता पडता शिट्टी वाजते. पीं! मागून वहिनी म्हणते, "पुरे झाली ती सर्कस! फरशी कोण पुसणार?"

आई हसली. खोटं कशाला बोला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नवऱ्याला दाखवायला म्हणून तिनं क्लिप पुन्हा लावली. या वेळी शिट्टीनंतरच्या दाबलेल्या खिदळण्यामागे, लांबून, एक बाईचा आवाज तिच्या कानावर आला. "अगं, दूध उतू चाललंय, गॅस बंद कर!"

आवाज तिचाच होता. कुणीतरी टॅबसमोर मोबाईल धरून क्लिप काढली होती, आणि ते कुणीतरी तिच्याच घरात राहत होतं. तिचं हसू तोंडातल्या तोंडात विरलं.

वर्गप्रतिनिधी असलेल्या एका मुलीच्या आईचा काल फोन आला. "ऐकलंत का? शाळेची अब्रू गेली म्हणतायत. उद्या निकाल वाटून झाले की संध्याकाळी शिट्टीबाईंना आत बोलावलंय. राजीनामा द्या, नाहीतर गैरवर्तनाचा शेरा मारून काढू."

"पडणं म्हणजे गैरवर्तन?"

"अहो, आपल्याला काय करायचंय? क्लिप काढणारी सापडायला हवी होती खरं तर. पण ती कशाला सापडतेय!"

आईनं "हं" म्हणून फोन ठेवला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोराची आई फोनवर हं हं करतेय.

आज ती निकाल आणायला गेली. एरवी सत्राच्या शेवटच्या दिवशी फाटकातून मुलींचा लोंढा बाहेर पडायचा. आज रंगानं काढलेल्या गोलांत पालक उभे होते, एकेक पाऊल पुढे सरकत. फाटकात शिट्टीबाई. नाकातोंडाला मास्क, मास्कवर लोंबणारी शिट्टी, हातात ताप मोजायचं यंत्र. एवढ्या तगड्या बाईला शाळेनं कपाळं मोजायला बसवलं होतं.

"या ताई." बाईंनी यंत्र तिच्या कपाळासमोर धरलं. "गार आहात अगदी. आमची रोडरोलर काय म्हणते?"

"बरी आहे."

"पळते का? तिला म्हणावं, गच्चीत पळ, जिन्यात पळ, पण सोडू नकोस. बसून राहिली की पुन्हा पाठीत वाकेल ती. मी नसले तरी..." त्या थांबल्या. "कोणी ना कोणी येईलच पुढे शिकवायला."

मागच्या गोलातून कुणीतरी हळूच "पीं" केलं. दोघी-तिघी फिसकन हसल्या. बाईंनी ऐकलं. यंत्र पुढच्या कपाळासमोर धरलं आणि म्हणाल्या, "या, पुढे या."

आई घरी आली ती तडक लेकीच्या खोलीत. "क्लिप तू काढलीस."

लेकीनं आधी कानावर हात ठेवले, मग आईचा चेहरा पाहून सोडून दिलं. "मी फक्त तिघींना पाठवली होती."

"का पण? त्या बाईनं तुझं काय घोडं मारलं होतं?"

"सगळ्या रोज काहीतरी पाठवतात. माझ्याकडे पाठवायला कधीच काही नसतं. त्या दिवशी सगळ्यांनी मला मेसेज केले, आई. सगळ्यांनी."

"त्यांना काढून टाकतायत आज."

लेक पांढरी पडली. मग हळूच म्हणाली, "तूपण हसलीस ना. मी बघितलं."

आई बाहेर आली आणि तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं.

त्याच्याकडे उत्तर तयार होतं. "हे बघ, त्यांना काढणारच होते. खेळ, शिवण, गाणं, सगळ्यांवर गदा आहे. क्लिप हे नुसतं निमित्त."

"निमित्त आपल्या घरातून गेलंय."

"पोरीचं पुढचं वर्ष शाळेतलं शेवटचं आहे. उद्या हिलाच काढलं तर? जिची नोकरी जायची ती जाणारच, तू उगीच पोरीचंही घालवशील."

त्याचं अर्धं खरं होतं, हेच वाईट होतं. नोकरी कदाचित जाणारच होती. पण बाई जाताना कपाळावर शेरा घेऊन गेल्या, की दुसऱ्या कुठल्या शाळेनं त्यांना फाटकातही उभं केलं नसतं.

शिट्टीबाईंना फोन करून माफी मागणं सोपं होतं. त्या नक्की म्हणाल्या असत्या, "जाऊ द्या हो ताई, पोर आहे." आईच्या मनावरचं ओझं उतरलं असतं, आणि संध्याकाळी व्हायचं ते झालंच असतं.

तिनं मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, नंबर काढला. नवरा म्हणाला, "विचार कर." ती म्हणाली, "केला."

मग लेकीला हाक मारली. "ये, इथं बस माझ्या शेजारी. आधी मी बोलते, मग तू बोलायचंस. रडायचं असेल तर नंतर रड."

लेक येऊन बसली, हात छातीशी घट्ट आवळून. आईनं नंबर लावला.