डाळीचा सेमिनार

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी केंद्रात फॉर्मांचे गठ्ठे बांधत होते. पलीकडून डॉ. नितीन बोलत होते. "सुनंदाताई, बाई गेल्या… आज सकाळी." आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "कुठं होत्या? किती वाजता? जवळ कोण होतं?" पलीकडून रडता रडता हसू फुटावं तसा आवाज. "ताई, तुम्ही पण ना… मीसुद्धा मघाशी त्यांच्या भाच्याला हेच तिन्ही विचारलं." कुठं, कधी, कोण. डॉ. विमल अंबडकर यांच्या हाताखाली ज्यानं एक पावसाळा काढला, त्याला दुःखसुद्धा याच क्रमानं होतं. महिना उलटून गेलाय, पण त्यांच्याबद्दल लिहायला बसले की रडू कमी येतं आणि छाती धडधडते जास्त. तशी ती पहिल्यापासून धडधडायचीच, आधी भीतीनं, मग आनंदानं.

बाई विद्यापीठात साथरोगशास्त्र शिकवायच्या. म्हणजे आजार कुणाला धरतो, कुणाला सोडतो, आणि का, याचा माग काढायचं शास्त्र. त्यांच्या विभागाचं एक केंद्र जालन्यात मस्तगडला, कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं. मी मूळची गुहागरकडची. सहावीत शाळा सुटली. लग्नानंतर यांची, बसडेपोत मेकॅनिक होते, जालन्याला बदली झाली आणि मी समुद्रापासून इतक्या लांब येऊन पडले की पहिलं वर्ष नुसतं गप्प राहण्यात गेलं. इथली भाषा कळायची नाही, माझी कुणाला कळायची नाही. ज्वारीची भाकरी थापता यायची नाही, ती एक वेळ सोडा, पण माझी साधी डाळसुद्धा शिजायची नाही. तासन् तास उकळून वाटीत गोट्या. हे हसत म्हणायचे, "आज काय, वरण की खडी?" मला वाटायचं, खोट माझ्या हातातच आहे.

केंद्राला गावोगाव घरोघर फिरायला बायका हव्या होत्या. मी भीत भीत जिना चढले. बाईंनी विचारलं, "शिक्षण?" मी म्हटलं, "सहावी. तीही अर्धी." "चालता किती येतं?" "पुष्कळ." "इथलं काय माहीत आहे?" मी खरं तेच सांगितलं, "काहीच नाही." बाईंनी टेबलावर हात आपटला. "छान! ज्याला माहीत असतं तो विचारत नाही. तू विचारशील." सोमवारपासून मी कामावर.

आणि शनिवारी कळलं, मी कशात पाय घातलाय ते. दर शनिवारी जीपमधून सगळ्यांना विद्यापीठात नेऊन सेमिनार व्हायचा. लांब टेबल, भिंतीवर नकाशे, डॉक्टर झालेली आणि आणखी मोठे डॉक्टर होणारी मुलं. तिथं बाईंचा एक नियम होता, जो मी आजतागायत दुसऱ्या कुठल्या सभेत पाहिला नाही. मांडणी झाली की पहिला प्रश्न खोलीतल्या सगळ्यात कमी शिकलेल्या माणसानं विचारायचा. त्याशिवाय दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. "जास्त शिकलेला आधी बोलला की कमी शिकलेला गप्प बसतो," बाई म्हणायच्या, "उलटं केलं की दोघंही बोलतात." मी येण्याआधी हा मान जीपच्या ड्रायव्हरचा होता. तो आठवी पास. मला बघून त्यानं दोन्ही हात जोडले, "सुटलो ताई! आता तुमचा नंबर."

पहिल्या शनिवारी मी टेबलाच्या पार टोकाला बसले. कुणीतरी तापाच्या रुग्णांबद्दल बोलत होता, अमुक गावात इतके आजारी, तमुक गावात तितके. खोली माझ्याकडे बघत थांबली. मी पदर मुठीत धरून म्हटलं, "आजारी इतके… पण कितींपैकी?" दोन-तीन मुलं हसली. बाई उठून उभ्या राहिल्या. "हसू नका. हिनं तुमचं पहिलं पुस्तक एका ओळीत सांगितलं. दे उत्तर, कितींपैकी?" त्या मुलानं गावाची लोकसंख्या आणलीच नव्हती. त्या संध्याकाळी घरी येऊन मी ह्यांना तीनदा ती गोष्ट सांगितली. तेव्हापासून हे मला "सहावी पास प्रोफेसर" म्हणायला लागले.

आता ज्याच्यासाठी हे लिहितेय ते सांगते. शहागडच्या अलीकडे गोदाकाठच्या एका गावात कावीळ पसरली. एकाच गल्लीत जास्त. नितीन तेव्हा शिकत होते, हुशार, घाईचे. त्यांच्याकडे ती साथ दिली आणि फॉर्म भरायचं काम माझ्याकडे. कुठल्या घरात कोण आजारी, आणि घरात पाणी कुठलं. उन्हाळा कडक. घरोघर जावं तर कुठं कुलूप, कुठं बाया शेतात. मला एक युक्ती सुचली. गल्लीच्या तोंडाशी हापसा होता, सगळ्या बाया तिथं यायच्याच. मी कडुलिंबाच्या सावलीत उभी राहिले आणि घागर भरेपर्यंत एकेकीचा फॉर्म भरून टाकला. "पाणी कुठलं भरता?" "ह्येच की, हापशाचं!" एका सकाळी अख्खी गल्ली झाली. बाईंनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, "बघा, काम याला म्हणतात." माझी मान इतकी ताठ आयुष्यात कधी झाली नव्हती.

सेमिनारच्या आदल्या दिवशी एका आजारी मुलाची चौकशी करायला मी परत त्या गावात गेले. घर गयाबाईचं. साठीची, तोंडाळ, मायाळू. तिचा नातू बिछान्यावर, सून सात महिन्यांची गरोदर, चुलीपाशी. उन्हानं मला भोवळ आली तशी गयाबाईनं तांब्या पुढे केला. मी घटाघट प्यायले, आणि थांबले. हापशाचं पाणी मचूळ, जिभेवर खारट थर बसायचा. हे तर गोड.

"गयाबाई, हे हापशाचं?"

"हापशाचं? छ्या! त्या पाण्यात डाळ शिजती व्हय? दिवसभर चूल जाळली तरी खडे! ते भांडी, धुणं, गुराढोरास्नी. खायाप्यायाचं नदीतल्या झिऱ्याचं. वाळूत खड्डा उकरला की बराबर नितळ पाणी येतं. समद्या गल्लीत तेच."

"मग परवा मला हापशाचं का सांगितलंत?"

"अवं ताई, तुम्ही हापशावर हुभ्या राहून इचारलं, पाणी कुठलं भरता. मी हापशावर घागर भरून राह्यले, मंग झिऱ्याचं सांगू का?"

माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकदम पेटल्या. एक, माझी डाळ! आम्ही राहायचो त्या मस्तगडच्या वाड्यालाही बोअरचंच, असंच मचूळ पाणी. म्हणजे हात माझा ठीक होता… आणि दुसरी गोष्ट अशी की माझे सगळे फॉर्म खोटे होते.

परतीच्या बसमध्ये मी मनाशी ठरवलं, गप्प बसायचं. कोणाला कळणार आहे? रोजंदारीची बाई मी. चूक कबूल केली तर सोमवारी माझ्या जागी दुसरी उभी राहील, आणि मग पुन्हा ते गप्प राहण्याचं वर्ष. बाईंनी थोपटलेली पाठ मला अजून गरम लागत होती.

शनिवारी नितीननी नकाशा टांगला. इतका देखणा नकाशा त्या भिंतीनं पाहिला नव्हता. घराघरावर लाल ठिपके, मध्ये हापसा, सगळ्या रेघा हापशाकडे. "निष्कर्ष सरळ आहे," ते म्हणाले, "हापसा दूषित. सोमवारी जाऊन त्याचा दांडा काढून ठेवायचा." सगळे माना डोलवत होते. मग म्हणाले, ही कावीळ गरोदर बायांना जिवावर बेतू शकते, त्यामुळे उशीर नको. खोली थांबली. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे. माझ्या डोळ्यांसमोर चुलीपाशी बसलेली ती सून आली. दांडा काढला की झाडून सगळी गल्ली झिऱ्यावर. उरलंसुरलं हापशाचं पाणीही सुटणार.

मी उभी राहिले. प्रश्न विचारायचा होता, पण मला प्रश्न सापडेना. मी म्हटलं, "बाई, मी फॉर्म हापशावर उभं राहून भरले." आवाज इतका बारीक की बाई म्हणाल्या, "मोठ्यानं." मी मोठ्यानं सांगितलं. सगळं. सावली, युक्ती, डाळ, झिरा. "घरात गेलेच नाही मी. चूक माझी आहे. नितीन सरांचं काही नाही." नितीनच्या हातातली पट्टी टेबलावर पडली.

मी पिशवी उचलायला वाकले. खरंच, निघायचंच होतं मला. तर बाईंची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या. एरवी पुस्तकी बोलणाऱ्या बाई आनंदल्या की त्यांच्या तोंडून त्यांचं अंबडकडचं बोलणं यायचं. "अगं मंग इतकं मोठं सापडलं, आन् तू पिशवी काय उचलून राह्यलीस? ते पाणी तू प्यालीस?" "हो…" "किती?" "तांब्याभर." "मंग तुझ्यावर आता महिना-दीड महिना नजर ठेवणार मी! चला, जल्दी! जीप काढा! अन् नितीन, तो नकाशा फाडू नका. सुंदर आहे. पाण्याचा नाही, सुनंदा कुठं उभी होती त्याचा आहे."

ती जीपची फेरी! विद्यापीठ ते गोदाकाठ, आठ माणसं कोंबलेली, बाई पुढं बसून मागं वळून एकसारख्या बोलतायत, ड्रायव्हर म्हणतोय "बाई, हात आत घ्या", नितीनचा राग वितळून ते मलाच विचारतायत, "ताई, डाळ खरंच शिजत नाही?" नदीत उतरलो तर झिऱ्यांची रांग, आणि वरच्या अंगाला, काठाच्या झाडीत, गावाची सकाळी परसाकडेला बसायची जागा. बाईंनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं, आणि बाटल्यांसाठी हात पुढे केला. बाटल्या भरल्या. तपासणीत हापसा स्वच्छ निघाला, झिरा नाही.

पण बाईंना तेवढं पुरेना. पुढच्या शनिवारी त्यांनी दोन स्टोव्ह, दोन पातेली आणि तूरडाळ विद्यापीठात नेली. आणि गयाबाईला. फाटकावरचा शिपाई स्टोव्ह आत सोडेना. "सेमिनारला स्टोव्ह कशाला?" गयाबाई म्हणाली, "सैपाकाला! तुला नसंल जेवायचं तर बाजूला हो!" टेबलावर डावीकडे हापशाचं पाणी, उजवीकडे झिऱ्याचं. सगळे पोस्टग्रॅज्युएट स्टोव्हभोवती. तासाभरानं गयाबाईनं उजवीकडची डाळ पळीनं घोटली, मेण झाली. डावीकडची तिनं एक डाळ उचलून नितीनच्या तळहातावर ठेवली. "चाव." त्यांनी चावली आणि दात धरून बसले. खोलीत जो हशा उठला! विभागप्रमुख शेजारच्या इमारतीतून बघायला आले, आणि वरण-भात खाऊन गेले.

मग कामाचा प्रश्न. झिरा बंद करा म्हटलं तर बाया ऐकणार नाहीत, हापशाचं पाणी गोड होणार नाही. मुलं फळ्यावर उपाय लिहीत होती, एकाहून एक महाग. नियमाप्रमाणे बाई थांबल्या. त्या दिवशी खोलीतली सगळ्यात कमी शिकलेली मी नव्हते. गयाबाईनं शाळेचं तोंडच पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "डाळीचं पाणी उकळतंच न्हवं? त्यातलं वाईट मरत आसंल की?" बाई म्हणाल्या, "मरतं." "मंग डाळीला झिऱ्याचं, प्यायला हापशाचं. मचूळ तर मचूळ. सुनंला मी पाजते, बघू कशी न्हाई पित." बाईंनी फळा पुसला आणि तेवढंच लिहिलं. गल्लीत तेच गयाबाईनं घरोघर सांगितलं, आमच्याहून मोठ्या आवाजात. सून सुखरूप बाळंत झाली. मुलगी. मला कावीळ झाली नाही, पण बाई खरोखर दीड महिना रोज सकाळी खिडकीपाशी नेऊन माझे डोळे बघायच्या.

त्या चुकीबद्दल त्या मला कधी एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त पुढचे फॉर्म छापून आले तेव्हा सगळ्यात वर, गावाच्या नावाच्याही आधी, एक नवा रकाना होता: "माहिती कुठे उभे राहून / बसून घेतली?" मी बराच वेळ त्या ओळीवरून बोट फिरवत राहिले. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बरोबर आहे का? तूच सांग." त्याला पंधरा वर्षं झाली, मी अजून त्याच केंद्रात आहे. नवीन येणाऱ्या मुलामुलींना फिरायचं कसं ते शिकवायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं. सहावी अर्धी, आणि डॉक्टरांना शिकवते, हे गुहागरला भावाला अजून खरं वाटत नाही.

गेल्या आठवड्यात टेंभुर्णीकडचे फॉर्म आले. जुलाबांची साथ आहे. नवी मुलगी, नुकतीच लागलेली, भारी चटपटीत. गठ्ठा माझ्यासमोर ठेवून उभी राहिली, पाठ थोपटून घ्यायला. मी पहिला फॉर्म उघडला. वरच्या रकान्यात तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "किराणा दुकानासमोर." दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यातही. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग फॉर्मकडे, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरायला लागला. हात पिशवीच्या बंदाकडे गेला.

"अगं, पिशवी कुठं उचलतेस?" मी म्हटलं. "चहा घे आधी. मग दोघी जाऊ. बाराची बस मिळेल."