पडद्यावरचं जंगल
घराला चुना मारायला घेतला की त्या ओल्या वासानं मला तो पडदा आठवतो. तीसेक वर्षांपूर्वी चंद्रपूरकडच्या आमच्या गावात दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, नाटक व्हायचं, आणि मी नाटकापेक्षा मागच्या पडद्यावर रंगवलेलं जंगलच बघत बसायची. त्यातले साग चक्क निळे होते आणि मोहाखाली एक मोर उभा होता. सातवीत असताना एका दुपारी शाळेच्या पटांगणात तो पडदा पसरलेला दिसला. शेजारी पेंटर चुना कालवत होते. "जंगल काऊन पुसून राह्यले, भाऊ?" मी विचारलं. "जंगल तं दाराशीच हाय, पोरी. लोकायले आता बंगला पायजे," म्हणत त्यांनी ब्रश माझ्याच हाती दिला. ब्रश मिळाल्याच्या आनंदात मी एकेक झाड पांढरं करून टाकलं, मोर तेवढा सोडला. पेंटरनं नेमकी त्या मोराभोवतीच बंगल्याची खिडकी काढली. आता गावामागे कोळशाची खाण आहे. मुलगी विचारते, इथलं जंगल कसं होतं? सांगायला जाते तर डोळ्यांपुढे निळेच साग येतात. खरं जंगल दाराशीच होतं, म्हणून मी ते कधी नीट पाहिलंच नव्हतं.